फक्त शुक्रवारी चालणारा कॉम्प्युटर

समजा, तुमच्या पुढ्यात एक बैलगाडी उभी आहे. जुवाच्या एका बाजूला उंचापुरा खिलार बैल, आणि दुसऱ्या बाजूला कालपरवापर्यंत आईमागे पळणारं वासरू. गाडी कशी चालेल? तुम्ही म्हणाल, वासराच्या पायानं! खिलारात कितीही ताकद असली तरी वासरू थांबलं की गाडी थांबली.

आता त्या गाडीच्या जागी गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे असं समजा. खिलार म्हणजे पडद्यावरची चित्रं भराभर काढणारं ग्राफिक्स कार्ड, आणि वासरू म्हणजे सगळा हिशेब करणारा प्रोसेसर. खिशातले पैसे ठरलेले. एकावर सगळे उधळले तर दुसरं वासरूच मिळणार. मग कशावर किती घालाल?

मंद्रूपच्या तेरा वर्षांच्या अपेक्षानं या कोड्याचं उत्तर शोधलं होतं. सुट्टीत ती सोलापुरात मामाकडे आली, तेव्हापासून मामाचा मुलगा ऋतुराज आणि ती, दोघं पंधरा दिवस भाव बघत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी एका रेघी कागदावर यादी तयार झाली. जोडी बरोबरीची, उगाच चमचम नाही, आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो मात्र चांगल्यातला.

त्या यादीबरहुकूम जोडलेला तो कॉम्प्युटर मंगळवारी दुपारी ऐन खेळात फट्कन बंद पडला!

"गेला!" ऋतुराज ओरडला. "अरे, जिंकत आलो होतो मी!"

"तू जिंकत नव्हतास की," शेजारी बसलेला प्रभुलिंग म्हणाला. तो अक्कलकोटचा. सुट्टीला मावशीकडे आला होता आणि मावशीचं घर याच गल्लीत होतं. "तू भिंतीला धडकत होतास. त्याला बघवेना, म्हणून बंद झाला तो!"

अपेक्षाला हसू आलं नाही. हा आठवडाभरातला पाचवा दणका होता.

मामाच्या नेट कॅफेत जुने सहा कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर लोक फॉर्म भरायचे, निकाल बघायचे. पण आता ती कामं मोबाइलवरच व्हायला लागली. म्हणून मामानं गेम खेळायला पाच नवे घ्यायचं ठरवलं. "पहिला तुमच्या यादीनं घेऊ," तो म्हणाला होता. "तो नीट चालला तर बाकीचे चारही तुमच्याच यादीनं!" अपेक्षाला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या होत्या. शाळेतल्या बाईंनीसुद्धा तिच्यावर एवढं मोठं काम कधी सोपवलं नव्हतं.

आणि हा सातवा कॉम्प्युटर, नंबर सात, असा वागत होता!

"मामा, मी बघते काय झालंय ते," ती म्हणाली.

महेश्वर मामा गल्ल्यावरून उठला. रागावला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "अपेक्षा, आज पुन्हा दोन गिऱ्हाईकं उठून गेली गं. उदयसिंह शेठचा फोन आला होता. ते म्हणाले, पोरांनी निवडलेलं कार्डच हलकं आहे, तापतं. त्यांच्याकडे पाण्यानं गार होणारा, काचेच्या पेटीतला माल आहे. शनिवारी येतायत ऑर्डर घ्यायला."

"त्यांनी आपला कॉम्प्युटर उघडून बघितलाय का?" अपेक्षानं विचारलं.

"नाही. फोनवरूनच सांगितलं."

"फोनवरून! आमच्याकडं जनावरांचा डॉक्टर सुदिक हात लावल्याबिगर औषिद देत न्हाय!" रागावली किंवा विचारात गढली की अपेक्षाच्या तोंडी मंद्रूपची बोली येत असे.

मामा हसला. "बरं बाई. शनिवारपर्यंत शोध. पण शनिवारी मला ऑर्डर द्यावीच लागेल."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय रे पोरांनो, भांडताय की खेळताय?" शेजारच्या गिरिजाक्का आल्या होत्या, हातात झाकलेली ताटली घेऊन. कॅफेची जागा त्यांचीच. भिंतीपलीकडे त्यांचा टॉवेलचा कारखाना. तिथले बारा माग दिवसभर खटाखट, खटाखट चालायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि पोरांशी दोन्ही, असं त्यांचं बोलणं. ताटलीत शेंगदाण्या-गुळाच्या शेंगापोळ्या होत्या. मुलं तुटून पडली. अक्कांनी पदरानं नंबर सातवरची खोळ पुसून सारखी केली आणि म्हणाल्या, "माझ्या या लेकराला जपा हं. तंतू लई वाईट!"

खरंच होतं ते. कापसाचे तंतू वाऱ्यावर उडत यायचे आणि पापण्यांवरसुद्धा बसायचे. म्हणून अक्कांनी कॅफेतल्या सगळ्या कॉम्प्युटरना टॉवेलच्या कापडाच्या खोळी शिवून दिल्या होत्या. लाल काठाच्या, प्रत्येकीवर नंबर विणलेला, बटणापुरतं भोक ठेवलेल्या. त्या गल्लीत मिक्सरला खोळ होती, टीव्हीला खोळ होती, शिवणयंत्राला तर दोन होत्या.

अक्का गेल्यावर ऋतुराजनं वही उघडली. कॉम्प्युटर कधी कधी बंद पडला ते त्यानं तारीखवार लिहून ठेवलं होतं.

"मागच्या आठवड्यात सोमवारी दोनदा. मंगळवार, बुधवार, गुरुवार... त्याच्या आधीच्या आठवड्यातही तसंच." अपेक्षाचं बोट एका ओळीवर थांबलं. "ऋतुराज, शुक्रवारी काही लिहिलं न्हाईस?"

"शुक्रवारी बंद पडलाच नाही."

"आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी?"

ऋतुराजनं पान उलटलं. त्याचे डोळे मोठे झाले. "त्याही शुक्रवारी नाही! दिवसभर चालला!"

"अय्यप्पा!" प्रभुलिंगनं हातातली पोळी खाली ठेवली. "कॉम्प्युटरला वार कळतो?"

तिघंही नंबर सातकडे बघत बसली. तो गप्प होता.

"शुक्रवारी काय वेगळं असतं?" अपेक्षा म्हणाली.

प्रश्न संपतो न संपतो तोच भिंतीपलीकडचा रोजचाच आवाज कानात घुमला, खटाखट, खटाखट! तिघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

"माग!" ऋतुराज कुजबुजला. "शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते!"

गुन्हेगार सापडला, असं तुम्हालाही वाटलं ना? अपेक्षालाही वाटलं. पण तिचे आबा म्हणायचे, चोर धरण्याआधी त्याच्या पायाचं माप घ्यावं. माग नंबर सातला छळत असतील, तर कसे छळतात?

"वीज!" ऋतुराज म्हणाला. "बारा माग वीज ओढतात, मग आपल्याला कमी पडते."

बुधवारी प्रभुलिंग विजेच्या स्टॅबिलायझरसमोर पाट टाकून बसला. दर पाच मिनिटांनी आकडा वाचायचा. माग चालू होण्याआधी, चालू झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत. दुपारी नंबर सात बंद पडला त्या क्षणीही तो आकड्याकडेच बघत होता. आकडा जागचा हलला नव्हता.

"वीज निर्दोष!" त्यानं जाहीर केलं. "आणि माझी पाठ गेली की!"

"मग तंतू," अपेक्षा म्हणाली. "आत जाऊन पंखे अडकले असतील."

गुरुवारी मामाच्या देखरेखीखाली त्यांनी वायर काढली, खोळ उतरवून नीट घडी घालून ठेवली आणि पेटीचं झाकण उघडलं. तिघांची डोकी एकदम आत वाकली आणि एकमेकांवर आपटली!

आत तंतूंचा पत्ता नव्हता. पंखे बोटानं फिरवले तर भिंगरीसारखे फिरत होते.

"एवढा स्वच्छ तर माझ्या दप्तराचा कप्पाही नसतो," ऋतुराज म्हणाला. "अक्कांची कृपा!"

झाकण लागलं, खोळ चढली, खेळ सुरू झाला. ऋतुराजनं पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. साठ... पंच्याहत्तर... नव्वद... सत्त्याण्णव. फट्!

"तापतोय एवढं नक्की," अपेक्षा म्हणाली. "बिघडत न्हाय तो. आपलंच डोकं जळू नये म्हणून आपण होऊन बंद होतोय. पण मग शुक्रवारी का तापत नाही? ऊन तर रोज बेचाळीस!"

त्या संध्याकाळी तिनं आपली यादी पुन्हा काढली. खरंच कार्ड हलकं असेल का? उदयसिंह शेठ बरोबर असतील का? तसं असेल, तर चार कॉम्प्युटरचे पैसे मामाला चुकीच्या जागी घालायला लावले असते आपण. पण हलकं कार्ड शुक्रवारी भारी कसं होईल? नाही. उत्तर शुक्रवारातच होतं.

शुक्रवारी सकाळी आठला तिघं कॅफेत हजर! माग गप्प होते. गल्ली इतकी शांत, की प्रभुलिंगच्या मावशीच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. ऋतुराज खेळायला बसला. एक तास झाला. दीड झाला. आकडा अडुसष्टवर चिकटून बसला होता.

"बघ, कसा शहाण्यासारखा चाललाय!" ऋतुराज वैतागला. "आता मलाच राग येतोय याचा."

"पोरी, पोरांनो!" वरून गिरिजाक्कांची हाक आली. "वर या रे जरा, पिळायला हात द्या!"

गच्चीवर दोऱ्या बांधलेल्या होत्या. शुक्रवार हा मागांचा सुट्टीचा दिवस, म्हणजे अक्कांचा धुण्याचा दिवस. प्रभुलिंग आणि ऋतुराज पिळत होते, अपेक्षा वाळत घालत होती. एक, दोन, तीन... लाल काठाच्या खोळी. सातवी हातात आली. कोपऱ्यात सुरेख विणलेला आकडा, ७.

तिनं ती दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि उन्हाळ्याचा गरम वारा आला. खोळ वाऱ्याकडे तोंड करून होती. ती फुगली! फुग्यासारखी टम्म फुगली आणि तशीच राहिली. वारा आत शिरत होता, पण पलीकडे जात नव्हता.

अपेक्षा ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"ऋतुराज," ती हळूच म्हणाली, "नंबर सातवर आत्ता खोळ हाय का?"

"नाही. अक्कांनी पहाटेच धुवायला नेली. ही काय, तुझ्यासमोर!"

"आणि मागच्या शुक्रवारी?"

पिळता पिळता ऋतुराजच्या हातातून टॉवेल सुटला आणि सगळं पाणी प्रभुलिंगच्या पायांवर!

तिघं जिन्यावरून धाडधाड खाली आली. "खोळच!" प्रभुलिंग धापा टाकत म्हणाला. "पण जुन्या सहांवरही खोळी आहेत की. ते कुठे बंद पडतात?"

"ते फॉर्म भरतात. बसून फॉर्म भरणाऱ्याला कशाला घाम येतोय?" अपेक्षा म्हणाली. "हा पळतोय! गोधडी पांघरून पळून बघ बरं!"

"थांब," ऋतुराज म्हणाला. त्याचं डोकं असं, की आनंदातही शंका सोडायची नाही. "आज खोळ नाही, पण मागही बंद आहेत. दोन्हीपैकी कशामुळे चालला, कसं कळणार?"

अपेक्षानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "म्हणून एकावेळी एकच गोष्ट बदलायची. माग बंदच आहेत. आता फक्त पांघरूण चढवू!"

खोळी ओल्या होत्या. प्रभुलिंगनं मामाच्या पलंगावरची जाड चादर ओढून आणली. नंबर सातला ती गुंडाळून तिघं घड्याळ लावून बसली. सत्तर. ऐंशी. एक्क्याण्णव. तेविसाव्या मिनिटाला, फट्!

"सापडलं!" तिघंही एकदम ओरडली. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून एवढं नाचणारी मुलं सोलापुरानं पहिल्यांदाच पाहिली असतील!

आणि मग तिघांचंही लक्ष गल्ल्याकडे गेलं. तिथे अक्कांनी ठेवलेली ताटली होती. तीत तीन शेंगापोळ्या होत्या.

"हे अक्कांना कोण सांगणार?" ऋतुराजनं विचारलं.

"मी नाही," प्रभुलिंग म्हणाला. "मला सुट्टीभर पोळ्या खायच्यात की!"

"खोळ गुपचूप काढून ठेवू?"

"त्या परत घालतील. आणि मामाला काय सांगणार?" अपेक्षा म्हणाली. तिला अक्कांचा पदरानं पुसणारा हात आठवत होता. किती रात्री बसून त्यांनी ते आकडे विणले असतील! "आपण सांगायचं न्हाय. दाखवायचं."

"कसं?"

अपेक्षाची नजर गल्ल्यामागच्या मामाच्या देव्हाऱ्याकडे वळली. तिथे उदबत्ती जळत होती. धुराची बारीक रेघ पंख्याच्या वाऱ्यानं खिडकीकडे वळत होती. वारा दिसत नाही, पण धूर दिसतो!

शनिवारी दहा वाजता उदयसिंह शेठ आले. मागून एका माणसानं दाखवायला म्हणून कॉम्प्युटर आणला होता. समोरून काच, बाजूनं काच, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते.

"बघा महेश्वरभाऊ, याला म्हणतात माल! गिऱ्हाईक रस्त्यावरून बघून आत येईल." त्यांनी अपेक्षाकडे पाहून मान हलवली. "पोरांची हौस ठीक आहे हो, पण धंदा म्हणजे खेळ नव्हे."

मामानं खिशातून पेन काढलं. अपेक्षाच्या छातीत माग चालल्यासारखं धडधडायला लागलं.

"मामा, अर्धा तास द्या," ती म्हणाली. "फक्त अर्धा तास. आणि अक्कांनाही बोलवते."

भिंतीपलीकडे माग खटाखट चालू होते. नंबर सातवर धुतलेली, कडक वाळलेली खोळ होती. ऋतुराज खेळायला बसला. अपेक्षानं मोठा पंखा बंद केला, उदबत्ती पेटवली आणि नंबर सातच्या पुढ्यात धरली.

"याच्या तोंडाशी जाळी हाय. आतला पंखा तितनं गार हवा ओढतो आणि मागनं गरम हवा सोडतो," ती म्हणाली. "म्हंजे धूर कुटं जायला पायजे?"

"आत," मामा म्हणाला.

धूर सरळ वर गेला. काठीसारखा सरळ.

पडद्यावर आकडा चढत होता. गिरिजाक्का पुढे सरकल्या. त्यांनी धुराकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं, जाळी जिथे असेल तिथे तळहात ठेवला. चाळीस वर्षं माग चालवलेल्या बाई त्या. यंत्राचं दुखणं त्यांना हातानं कळायचं.

"अय्यो!" त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच तोंड बांधलं की याचं!"

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खोळ उतरवली.

धुराची रेघ थरथरली, वाकली आणि सुळकन जाळीतून आत शिरली! आकडा थांबला. मग उतरायला लागला. नव्वद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर...

"माग चालूच हायत," अपेक्षा म्हणाली. "कार्डही तेच हाय. फक्त खोळ गेली."

अर्धा तास झाला. ऋतुराज सलग तीनदा हरला, पण नंबर सात काही बंद पडला नाही.

"चूक तुमची न्हवती, अक्का," अपेक्षा घाईनं म्हणाली. "आत एक तंतू न्हवता. तुमच्यामुळंच. जुन्यांना खोळ बरोबरच हाय. हा पळणारा हाय म्हणून..."

"गप गं, मला समजावतेस?" अक्का हसत होत्या, पण त्यांचे डोळे ओले झाले होते. "हवा पाहिजे आणि तंतू नको, एवढंच ना? मग मच्छरदाणीची जाळी! तोंडापुरती शिवते, चार टोकांना चिकटपट्टी. दर शुक्रवारी काढायची आणि धुवायची."

मुलांना हे सुचलंच नव्हतं! प्रभुलिंगनं टाळी वाजवली.

उदयसिंह शेठ खाकरले. "ते ठीक आहे. पण हा आमचा—"

अपेक्षानं उदबत्ती त्यांच्या कॉम्प्युटरच्या काचेसमोर धरली. निळे-जांभळे दिवे फिरत होते. धूर काठीसारखा सरळ वर गेला.

अक्कांनी चष्मा वर केला. "शेठ, याला तर काचेचीच खोळ की हो! माझी निदान धुता तरी येत होती!"

मामा इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. शेठनाही हसू आवरेना. "आमच्या दुकानात एसी असतो हो," ते डोकं खाजवत म्हणाले. "तिथं सगळंच गार राहतं. इथं बेचाळीस डिग्रीत, मागाशेजारी कधी लावून बघितलाच नाही मी." मग ते अपेक्षाकडे वळले. "बाळ, दाखव बरं तुझी यादी."

त्यांनी तो रेघी कागद सावकाश वाचला. "जोडी बरोबर जमवलीय. आणि एसएमपीएसवर पैसे वाचवले नाहीस! मोठी माणसं नेमकी तिथंच चुकतात. महेश्वरभाऊ, याच यादीनं माल देतो. पेटी जाळीची."

मामानं अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "फोनवरच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, आणि घरातल्या पोरीला शनिवारची मुदत दिली. चुकलोच." त्यानं पेन तिच्या हातात दिलं. "घे. चार कॉम्प्युटर. तूच लिही."

"लिही, लिही!" प्रभुलिंग म्हणाला. "आणि खाली लिही की, प्रत्येकाबरोबर दोन शेंगापोळ्या!"

अपेक्षानं पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. तिची नजर कॅफेच्या मागच्या कोपऱ्यात गेली. नवे चार कॉम्प्युटर तिथे बसणार होते. भिंतीला लागून, खिडकीपासून लांब.

तिनं पेन कानावर अडकवलं, देव्हाऱ्यातून नवी उदबत्ती घेऊन पेटवली आणि त्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसली. श्वास रोखून ती बघत राहिली, इथला धूर कुठे जातो ते.